गलबतावरून डिंगींत : कुत्र्याची सुखरूप ने-आण

खडकी हें गांव समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे देशावर वसलेलें. तरीहि होडीचा आणि खडकीचा संबंध वाटतो त्याहून पुष्कळच जवळचा आहे. गांवाच्या कडेनें मुळा वाहते व दापोडीपाशीं पवना येऊन तिला मिळते. लष्करी इंजिनिअरांचें ‘बाँबे सॅपर्स’ हें दळ येथेंच ठाण मांडून आहे. आणि पाण्यावरून माणसें व सामान पलीकडे नेणें हें त्याच्या विद्येचें एक मुख्य अंगच होय. शेजारीं दापोडीस लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे व त्याच्या आवारांत वल्ह्यांच्या शर्यतींसाठीं मुद्दाम बांधलेला लांब कालवा आहे. नाशिक जिल्ह्यांतील तळेगांव रोही या कोरड्या मुलुखांतला दत्तू भोकनळ हा तरुण सॅपर्समध्यें भरती होऊन खडकीस आला, तेथें त्यानें वल्हें हातीं धरलें आणि २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें एकट्यानें वल्हवावयाच्या शर्यतींत तो तेरावा आला. ‘तृष्णा’ नांवाच्या शिडाच्या नौकेंतून १९८५ ते १९८७ या काळांत ज्यांनीं पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेहि भारतीय लष्कराच्या अभियंता दलाचेच अधिकारी होते. तेव्हां नौकानयनाची एखादी गोष्ट खडकीच्या घरांतून निघाली, तर तींत नवल मानण्याचें कारण नाहीं.

समजा, खडकीच्या अशाच एका कुटुंबाला नाताळच्या सुटींत मुंबईस एका स्नेह्याच्या शिडाच्या नौकेवर दोन दिवस काढण्याचें आमंत्रण आलें. घरांतील आजी, मुलें, सामानसुमान यांची तयारी झाली. आणि मग प्रश्न उभा राहिला तो मोत्याचा. मोत्या हा घरचा कुत्रा, वजन पंचवीस-तीस किलो, स्वभाव गरीब. मात्र पाण्याची ओळख अंघोळीच्या बादलीपुरतीच. नौकेवर एकदां पोंचल्यावर तो एका कोपऱ्यांत निजून राहील यांत शंका नाहीं. पण पोंचावयाचें कसें? अपोलो बंदराच्या समोर शिडाच्या नौका धक्क्याला लागलेल्या नसतात. त्या खोल पाण्यांत नांगरलेल्या किंवा बोयांना बांधलेल्या असतात. धक्क्यापासून तेथवर जावयाचें तें लहानशा डिंगींतून. हा शब्दहि मूळचा आपल्याच देशांतला. हिंदी-बंगालींतील नदीवरची ‘डिंगी’ खलाश्यांच्या तोंडून इंग्रजींत गेली आणि जगभर पसरून मोठ्या नौकेच्या पाठीमागें बांधलेल्या चिमुकल्या होडीचें नांव होऊन बसली.

सबंध सफरींतला अत्यंत धोक्याचा भाग कोणता, असें विचारलें तर पुष्कळजण भर समुद्रावरील वाऱ्याकडे बोट दाखवितील. अनुभवी दर्यावर्दी मात्र तसें म्हणणार नाहीं. डिंगीचा कांठ आणि नौकेची बाजू यांमध्यें जें हात-दीड हात पाणी असतें, तेंच सर्वांत वाईट. माणसाचा पाय घसरतो तो तेथें, बोटें चेंगरतात तीं तेथें. आणि कुत्र्याच्या बाबतींत तर या हात-दीड हाताचें महत्त्व शतपट वाढतें. कारण माणसाला ‘थोडें थांब, लाट जाऊं दे’ असें सांगतां येतें; कुत्र्याला तें आधीं शिकवावें लागतें.

ही जागा एवढी कठीण कां, हें एकदां नीट समजलें म्हणजे पुढील सर्व नियम आपोआप ध्यानांत राहतात. पहिली गोष्ट अशी कीं, नौका आणि डिंगी या दोन्ही हालत असतात, पण एका तालावर हालत नाहींत. नौका जड, ती लाटेवर सावकाश झुलते. डिंगी हलकी, ती प्रत्येक लहान लाटेबरोबर वर उडते व खालीं बसते. एका क्षणीं दोहोंच्या कांठांत गुडघ्याएवढें अंतर असतें, दुसऱ्या क्षणीं तेंच कमरेएवढें होतें. शिवाय त्या मधूनमधून एकमेकींपासून दूर सरतात आणि पुन्हा एकमेकींवर आदळतात. त्या फटींत पाय किंवा शेंपूट सांपडलें तर काय होईल, हें सांगावयास नको.

दुसरी गोष्ट सृष्टिशास्त्रांतली आहे. जमिनीवरून उडी मारतांना पायांनीं मागें दिलेला रेटा पृथ्वी सहज सोसते व सारी उडी पुढें जाते. हलक्या होडींतून उडी मारली तर तोच रेटा होडीला मागें ढकलतो. कुत्रा तीस किलोचा व डिंगी साठ किलोची असेल, आणि तींत दुसरें कोणी नसेल, तर उडीच्या वेळीं दोहोंमध्यें जें अंतर पडतें त्यांतला एक-तृतीयांश भाग होडीच्या मागें सरण्याचा असतो. कुत्रा पुढें जातो तो दोन-तृतीयांशच. म्हणजे अंगणांत तीन हात उडी मारणाऱ्या मोत्याची अटकळ डिंगींत नेमकी हातभर चुकते. आणि तो पडतो तोहि नेमका त्या फटींत. कुत्र्याची ताकद कमी पडते असें नव्हे. पायाखालची जमीन पळून जाईल हें त्याला ठाऊक नसतें. यावरून पहिला आणि सर्वांत मोठा नियम निघतो तो असा : नौका आणि डिंगी यांच्यामध्यें कुत्र्याला कधींहि उडी मारूं देऊं नये. त्याला उचलून, टेकून किंवा चालवून न्यावें. पण त्याची उडी ही आपली सोय मानूं नये.

तिसरी गोष्ट कुत्र्याच्या पायांची व मनाची. गुळगुळीत ओल्या पृष्ठावर त्याच्या नखांना पकड मिळत नाहीं. आणि एकदां पाय घसरला कीं तो ती जागा विसरत नाहीं. पुढच्या वेळीं तो तेथें येतांच चारहि पाय ताठ करून बसतो, किंवा घाबरून एकदम झेंप घेतो. दोन्ही गोष्टी सारख्याच वाईट. पहिल्या खेपेस झालेली एक चूक पुढें पुष्कळ दिवस निस्तरावी लागते. म्हणून पहिली खेप घाईची नसावी.

‘कुत्र्याला उपजतच पोहतां येतें, मग काळजी कशाची?’ असें म्हणणारे भेटतात. बहुतेक कुत्रीं पाण्यांत पडल्यावर पाय मारतात, हें खरें. परंतु सर्वांनाच त्या बळावर तरंगतां येत नाहीं. चपट्या नाकाच्या बुलडॉग किंवा पग जातीच्या कुत्र्यांचें डोकें जड व श्वास अपुरा. आंखूड पायांच्या डॅक्सहुंडाला पाण्यांत फार काळ निभावत नाहीं. जें पोहतें तेंहि थकतें. आणि मुख्य अडचण ही कीं, नौकेच्या उभ्या गुळगुळीत बाजूवर कोणत्याच कुत्र्याला चढतां येत नाहीं. ओहोटीच्या ओढींत तें नौकेपासून दूर दूर जातें. पोहण्याचें ज्ञान हा अखेरचा आधार आहे, पहिला नव्हे.

आतां साधनें. तीं थोडींच लागतात. गळ्यांतला पट्टा घरीं ठीक. पण पाण्यावर त्या पट्ट्याला धरून कुत्र्याला कधीं उचलूं नये. सारें वजन गळ्यावर येऊन श्वास कोंडतो, आणि घाबरलेला कुत्रा हिसडा देऊन पट्ट्यांतून डोकें काढून घेतो. त्याऐवजीं छाती आणि पोट या दोहोंखालून जाणारा, पाठीवर बळकट मूठ असलेला छातीपट्टा घ्यावा. त्याहून उत्तम म्हणजे कुत्र्यांसाठीं मिळणारें लाइफ-जॅकेट. त्यालाहि पाठीवर मूठ असते. शिवाय तें कुत्र्याला तरंगत ठेवतें, आणि त्याचा नारिंगी रंग लाटांत दुरून दिसतो. पट्टे असे आंवळावे कीं खालून दोन बोटें जातील, पण खांद्यावरून जॅकेट निसटणार नाहीं. घरींच एकदां मुठीला धरून मोत्याला जमिनीपासून चार बोटें उचलून पाहावें. पट्टा सरकला तर तो तेथेंच कळावा, समुद्रावर नव्हे. छातीपट्ट्याला दोन हातांचा एक दोर लावावा. पण तो हातांत धरावा, नौकेला किंवा डिंगीला बांधूं नये. बांधलेल्या दोरावर कुत्रा पडला तर तो पाण्यांत तरंगण्याऐवजीं बाजूला टांगला जातो.

नंतर येतो तो अभ्यास. आणि त्याला समुद्राची गरज नाहीं. तो खडकीच्या अंगणांत होतो. आज मुळेच्या पात्रांत सांडपाणी आणि जलपर्णी इतकी आहे कीं, तेथें कुत्र्याला पोहावयास सोडणें हें त्याच्या प्रकृतीला हितकारक नाहीं. म्हणून पहिले धडे कोरड्या जमिनीवरच द्यावे. पहिले चार-पांच दिवस छातीपट्टा नुसता घालून घरांत वावरूं द्यावें. जेवणाच्या वेळीं घालावा, म्हणजे त्याची चांगल्या गोष्टीशीं सांगड बसते. मग मोटारीच्या जुन्या ट्यूबवर एक रुंद फळी ठेवावी. ही डोलणारी फळी म्हणजेच घरगुती डिंगी होय. तिच्यावर मोत्याच्या रोजच्या बसकरीचा तुकडा घालावा व त्याला ‘चल’ म्हणून वर घ्यावें, ‘बैस’ म्हणून बसवावें, आणि दोन क्षण थांबून ‘ये’ म्हटल्यावरच खालीं उतरूं द्यावें. बक्षिसाला भाकरीचा तुकडा पुरतो. या सर्वांत मोलाचा शब्द ‘थांब’ हा आहे. जो कुत्रा शब्दावांचून फळीवरून हालत नाहीं, तो पाण्यावर निम्मा सुरक्षित झाला असें समजावें.

उचलून घेण्याचाहि सराव हवा. मोठ्या कुत्र्याला पुढच्या दोन पायांना धरून उचलण्याची कित्येकांची पद्धत असते. तिनें त्याचे खांदे दुखावतात. एक हात छातीखालून व दुसरा मांड्यांच्या मागून घालून, पाठ सपाट ठेवून, अंगाशीं घट्ट धरून उचलावें. अंगाशीं धरलेला कुत्रा कमी धडपडतो. घरांतल्या दोघांनीं मिळून, एकानें दुसऱ्याच्या हातीं मोत्या देण्याचा सराव पायरीवर उभें राहून रोज दोनदां केला, तर आठवड्याभरांत त्यांतली भीति निघून जाते. कुत्र्याचीहि आणि माणसांचीहि. बसकरीचा तो तुकडा मात्र जपून ठेवावा. पुढें डिंगींत आणि नौकेवर तोच पसरला म्हणजे घरचा वास तेथें आधींच पोंचलेला असतो, आणि अनोळखी जागा निम्मी ओळखीची होते.

प्रत्यक्ष प्रसंगाचा क्रम असा ठेवावा. नौकेवरून डिंगींत उतरावयाचें आहे. डिंगी नौकेच्या अशा बाजूला घ्यावी कीं जेथें वाऱ्याला आडोसा आहे आणि पाणी शांत आहे. नौकेचीं दोन टोकें लाटेबरोबर अधिक वरखालीं होतात व मधला भाग कमी. म्हणून पाणी हालतें असेल तर मध्यावरूनच उतरावें. पाण्याला टेकणारी मागची पायरी कितीहि सोयीची दिसली तरी ती शांत पाण्यांतच वापरावी, कारण हालत्या पाण्यांत नौकेचा मागचा भाग डिंगीवर आपटतो. डिंगीला एकच दोर असेल तर ती त्याच्याभोंवतीं फिरते. पुढचें आणि मागचें अशीं दोन्ही टोकें नौकेला बांधलीं म्हणजे ती बाजूला चिकटून राहते. यंत्र असेल तर तें पूर्ण बंद करावें. पंखा फिरत असतांना कुत्र्याची हालचाल करूंच नये.

मग एक माणूस प्रथम डिंगींत उतरून मध्यभागीं खालीं बसतो. उभा राहत नाहीं. त्यानंतर सामान. सामान कुत्र्याच्या आधीं जावें, म्हणजे कुत्र्याच्या वेळीं सर्वांचे हात मोकळे राहतात. नौकेवरचा दुसरा माणूस कांठाशीं गुडघ्यावर बसतो, एका हातानें मोत्याच्या पाठीवरची मूठ धरतो व दुसरा हात त्याच्या मांड्यांमागें घालतो. डिंगी लाटेबरोबर वर येते, वर आल्यावर क्षणभर स्थिर होते आणि मग खालीं जाते. तो स्थिर क्षण ओळखावा. दोन-तीन लाटा नुसत्या मोजाव्या, ताल कळतो. त्या क्षणाला डिंगींतला माणूस ‘घेतला’ असें मोठ्यानें म्हणतो, आणि तें ऐकल्यावरच वरचा माणूस मूठ सोडतो. हा शब्द किरकोळ वाटेल. पण एकाला वाटतें दुसऱ्यानें धरलें आणि दुसऱ्याला वाटतें पहिल्यानें अजून सोडलें नाहीं, अशा गैरसमजांतच पुष्कळ अपघात होतात. मोत्याला डिंगीच्या मध्यावर, बसकरीवर बसवावें. कांठावर पाय ठेवूं देऊं नये, कारण तीस किलो वजन मध्यावर निरुपद्रवी असतें आणि कांठावर तेंच होडी कलवितें. उरलेलीं माणसें त्यानंतर उतरतात.

चढतांना क्रम उलटा नसतो, हें विशेष ध्यानांत ठेवावें. चढतांनाहि एक माणूस आधीं वर जातो, मग कुत्रा, मग बाकीचे. कुत्र्याला सर्वांत आधीं वर दिलें तर वर त्याला धरावयास कोणी नसतें, आणि खालीं आपलीं माणसें पाहून तो परत झेंप घेतो. सर्वांत शेवटीं ठेवलें तर खालून उचलावयास कोणी उरत नाहीं. तेव्हां कुत्र्याची जागा नेहमीं मध्यें.

चाळीस किलोच्या पुढच्या कुत्र्याला हातांनीं वर देणें दोघांच्याहि पाठीला झेपत नाहीं. त्याच्यासाठीं जाड कॅनव्हासाची एक झोळी शिवावी : कुत्र्याच्या खांद्यापासून मांडीपर्यंत पोहोंचेल एवढी रुंद, आणि दोन्ही टोकांना बळकट कड्या. ती पोटाखालून घेऊन दोन्ही कड्या शिडाच्या आडव्या काठीवरील कप्पीच्या दोराला अडकविल्या म्हणजे दोर ओढून त्याला वर घेतां येतें. मात्र एकानें हात लावून कुत्र्याला फिरूं व आपटूं न देणें अवश्य आहे. आणि झोळींत लोंबण्याचा सरावहि घरीं, झाडाच्या फांदीला कप्पी बांधून, आधींच व्हावा. पाणी अगदीं निवांत असेल तेथें फळीचाहि उपयोग होतो. दीड वीत रुंदीची फळी, तिच्यावर कोंकणांतल्या काथ्याची चटई व आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असल्या तर नखांना पकड मिळते. पण फळीचें एक टोक नौकेला पक्कें बांधलेलें व दुसरें डिंगींत सरकावयास मोकळें असावें, नाहींतर पहिल्याच लाटेला ती उसळते.

कधीं जाऊं नये, हें कळणें ही या विद्येची अर्धी बाजू होय. मुंबई बंदरांत उधाणाच्या दिवशीं भरती-ओहोटींत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. भरतीला धक्क्याच्या ज्या पायऱ्या कोरड्या व सुरेख दिसतात, त्याच ओहोटीला शेवाळानें माखलेल्या उघड्या पडतात. तेथें कुत्र्याचे पाय माणसाच्या आधीं घसरतात. म्हणून निघण्याची आणि परतण्याची वेळ भरतीचें कोष्टक पाहून ठरवावी. दिवेलागणीनंतर कुत्र्याची चढ-उतार करूं नये. वाऱ्यानें पाण्यावर पांढरा फेंस दिसूं लागला म्हणजे डिंगी नाहींच, असा नियम ठेवावा. नौकेवर आणखी दोन तास थांबणें हें मोत्याला पाण्यांतून शोधण्यापेक्षां केव्हांहि सोपें. आणि पावसाळ्यांत हा विचारच नको. जूनपासून चार महिने हौशी नौका पाण्यांतून काढून ठेवतात, त्याला कारण आहे.

इतकें करूनहि कुत्रा पाण्यांत पडलाच तर? पहिली गोष्ट, यंत्र बंद. दुसरी गोष्ट, त्याच्यामागें कोणीहि उडी टाकूं नये. घाबरलेला कुत्रा पोहत माणसाकडे येतो व त्याच्या खांद्यावर चढूं पाहतो. नखांनीं अंग फाटतें आणि माणूस पाण्याखालीं दाबला जातो. कुत्रा वांचतो आणि मालक बुडतो, असें होण्याची भीति असते. एकानें बोट दाखवून कुत्र्यावर नजर ठेवावी व ती हलवूं नये, कारण लाटांत डोकें पाहतां पाहतां दिसेनासें होतें. घरच्या माणसानें खालीं वांकून, शांत आवाजांत, नेहमींच्या नांवानें हांक मारावी. किंचाळण्यानें तो अधिक बिथरतो. डिंगी वल्ह्यांनीं त्याच्याजवळ न्यावी, लांब आंकड्यानें पाठीवरची मूठ पकडावी आणि तो जवळ आल्यावर एकानें उचलावें. त्याच वेळीं दुसऱ्यानें डिंगीच्या विरुद्ध बाजूला सरून तोल सांभाळावा. लाइफ-जॅकेटाच्या त्या मुठीची खरी किंमत या क्षणीं कळते.

नौकेवर पोंचल्यावर दोन गोष्टींचा विसर पडूं नये. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं. तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. उन्हांत तापलेल्या फळ्यांवर त्याचे तळवे भाजतात, आणि सावली नसेल तर उष्माघात व्हावयास वेळ लागत नाहीं. दुसरी गोष्ट तहान. जवळ गोडें पाणी नसलें तर तो समुद्राचें पाणी पितो. त्यानें वांती, जुलाब होतात, आणि अधिक प्यायल्यास जिवावर बेततें. म्हणून माणसांच्या पाण्याबरोबर मोत्याच्या पाण्याचा वेगळा डबा घ्यावा. परत आल्यावर अंगावरचें मीठ गोड्या पाण्यानें धुऊन टाकावें व कान कोरडे करावे.

कुत्रा आणि होडी यांचें नातें माणसानें कांहीं आजच जोडलेलें नाहीं. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर कोळ्यांनीं पाळलेली एक कुत्र्याची जातच आहे. तीं कुत्रीं जाळ्यांतून निसटलेली मासळी आणीत आणि एका होडींतून दुसऱ्या होडींत निरोप पोंचवीत, असें सांगतात. पण तीं पिढ्यान् पिढ्या होडींत वाढलेलीं. खडकीच्या मोत्याला तेंच ज्ञान पंधरा दिवसांत द्यावयाचें आहे, एवढाच फरक.

येथपर्यंत ही हौसेची गोष्ट झाली. परंतु ज्यांच्या घरीं नौका नाहीं व ती कधीं असणारहि नाहीं, अशा घरांनींहि हें सर्व शिकून ठेवावें, याला एक गंभीर कारण आहे. आणि तें कारण खडकीच्याच अंगणांतून वाहतें. मुळशीच्या आणि पवनेच्या धरणांतून पावसाळ्यांत पाणी सोडलें कीं, खालीं सांगवी, दापोडी, बोपोडी येथील नदीकांठच्या वस्त्यांना त्याची झळ लागते. पानशेत आणि खडकवासला हीं धरणें १२ जुलै १९६१ रोजीं फुटून पुण्यावर जो प्रलय आला, त्याची आठवण जुन्या घरांत अजून निघते. अलीकडे २५ जुलै २०२४ रोजीं सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत मुठेचें पाणी शिरलें, तेव्हां मदतीला गेलेल्या लष्करी तुकड्यांत खडकीचे सॅपर्सहि होते. अशा वेळीं दारांत येते ती डिंगीच. फक्त ती रबरी असते आणि तींत वल्हें धरलेला जवान असतो. नौकेच्या जागीं असतो घराचा सज्जा किंवा जिन्याची पायरी, आणि मधलें तें हात-दीड हात पाणी तेंच.

त्या वेळीं घरांतली आजी म्हणते, “मोत्याला टाकून मी यावयाची नाहीं.” हें केवळ हट्टीपणाचें बोलणें नव्हे. ऑगस्ट २००५ मध्यें अमेरिकेंत न्यू ऑर्लिन्स शहर ‘कॅट्रिना’ वादळांत बुडालें, तेव्हां पाळीव जनावरांना सोडून जाण्यास नकार देऊन पुष्कळ लोक पाण्यानें वेढलेल्या घरांतच राहिले. तो अनुभव पाहून तेथें २००६ सालीं कायदाच झाला, कीं आपत्तीच्या योजनांत पाळीव जनावरांचाहि विचार झालाच पाहिजे. म्हणजे कुत्र्याचा प्रश्न हा अखेरीस माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. उलट बाजूहि तितकीच खरी. सांगली जिल्ह्यांत ब्रह्मनाळजवळ ८ ऑगस्ट २०१९ रोजीं पुरांतून माणसें नेणारी एक होडी उलटून अनेकांचे प्राण गेले. तींत पेलेल त्याहून अधिक माणसें बसलीं होतीं. भरलेल्या होडींत शिकवण नसलेला, बिथरलेला कुत्रा एका कांठावरून दुसऱ्या कांठावर झेंपावूं लागला तर तो सर्वांनाच घेऊन बुडेल. अशा कुत्र्याला होडींत घेण्यास बचावाचे जवान कां कू करतात, त्यांत त्यांची चूक नाहीं. त्यांनीं आधीं माणसांकडेच पाहिलें पाहिजे.

या पेंचांतून सुटका एकच : कुत्रा असा तयार असावा कीं, त्याला नेण्यास एक मिनिटहि अधिक लागूं नये. धरणांतून पाणी सोडल्याची वार्ता येतांच छातीपट्टा अंगावर चढवावा, दोर लावावा, बसकरीचा तुकडा, दोन दिवसांचें खाणें व लस दिल्याचा कागद एका पिशवींत घालून दाराशीं ठेवावा. पुराच्या घाण पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस हा रोग कुत्र्यालाहि होतो आणि माणसालाहि. कुत्र्याची त्यावरील लस दरसाल पावसाळ्यापूर्वीं पशुवैद्याकडून टोंचून घ्यावी. भीतीनें गरीब कुत्राहि चावतो, म्हणून मऊ कापडाची पट्टी त्याच्या तोंडाभोंवतीं थोडा वेळ सैलसर बांधावी. धापा टाकतां येतील इतकी सैल, आणि होडींतून उतरतांच ती सोडावी. होडी दाराशीं आली म्हणजे जवानाला एका वाक्यांत सांगावें : कुत्रा किती वजनाचा आहे, तो उचलून घेऊं देतो व बसून राहतो. मग क्रम तोच. एक माणूस आधीं होडींत, मग मोत्या मध्यावर, मग बाकीचे. आणि ‘घेतला’ हा शब्द ऐकल्यावांचून मूठ सोडावयाची नाहीं. होडींत जागाच नसेल आणि कुत्र्याला मागें ठेवणें भागच पडलें, तर त्याला साखळीला मात्र कधींहि बांधून ठेवूं नये. वरच्या मजल्यावर मोकळा सोडावा, पाणी व खाणें ठेवावें, आणि तो तेथें आहे हें बचाव-तुकडीला सांगून निघावें. पाणी चढत असतां साखळींत अडकलेल्या जनावराला पोहण्याचा तो अखेरचा आधारहि उरत नाहीं.

गलबत असो वा घराचा सज्जा, समुद्र असो वा मुळेचा पूर, मधलें पाणी सारखेंच असतें आणि तें ओलांडण्याची रीतहि सारखीच असते. उडी नको, घाई नको, हात मोकळे, वजन मध्यावर. यांतलें कांहींच अवघड नाहीं. फक्त तें पाणी येण्यापूर्वीं शिकलेलें असावें लागतें. ट्यूबवर ठेवलेल्या फळीवर भाकरीच्या तुकड्यासाठीं ‘थांब’ या शब्दाला थांबलेला मोत्या पाहून शेजारीं हंसतील. त्यांना हंसूं द्यावें. ज्या रात्रीं नदीचें पाणी पायरीला लागेल, त्या रात्रीं तोच एक शब्द त्याला आणि त्याच्यासाठीं अडून बसलेल्या आजीला होडींत बसवून सुखरूप पैलतीरीं नेईल.